बोट ठेवलं तीच ओळ



व्याख्यानमालेत इतिहास असतो, साहित्य असतं, पाण्याचा नि शेतीचा प्रश्न असतो. मोबाइलवरच्या यादीतली एखादी ओळ निवडायची, एवढ्याशा क्रियेवर बोलायला मी उभा आहे. विषय लहान वाटेल. पण फोनवर आपण दिवसभरात काय करतो ते आठवून पाहा. फोन कोणाला लावायचा, फोटो कोणता पाठवायचा, पैसे कोणाच्या खात्यात जायचे, तिकीट कोणत्या गाडीचं काढायचं, पीक कोणत्या गटात नोंदवायचं. प्रत्येक वेळी समोर एक यादी येते, आपण एका ओळीवर बोट ठेवतो आणि पुढचं सगळं काम त्या ओळीवर होतं. ओळ चुकली तर काम चुकतं, आणि फोन ते चुकीचं काम तितक्याच तत्परतेने करून मोकळा होतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. निवड ही पडद्यावरच्या पट्टीची नसते आणि यादीतल्या जागेचीही नसते. ती त्या ओळीमागे उभ्या असलेल्या माणसाची किंवा वस्तूची असते. अ‍ॅप बनवणाऱ्याने हे एकदा मनात पक्कं केलं, की पुढचे बरेचसे निर्णय सोपे होतात. हे कळायला मात्र यादी आतून कशी चालते ते थोडं पाहावं लागेल.

२००८ साली अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर सुरू झालं, आणि अँड्रॉइडचा पहिला फोनही त्याच वर्षी आला. त्या वेळच्या आयफोनची रॅम अवघी १२८ एमबी होती. एवढ्या तुटपुंज्या जागेत हजार नावांची यादी दाखवायची आणि ती बोटाबरोबर अडखळल्याशिवाय सरकली पाहिजे, हे अवघड काम होतं. त्यावर जी युक्ती योजली, ती आजही सगळीकडे चालते. यादीत नावं हजार असली, तरी पडद्यावर एका वेळी दहा-बारा ओळीच मावतात. म्हणून फोन हजार पट्ट्या बनवतच नाही, पडद्यापुरत्या आणि वर दोन-चार बनवतो. आपण यादी वर सरकवली, की वरून बाहेर गेलेली पट्टी टाकून न देता खालून पुन्हा आत आणली जाते आणि तिच्यावर नवं नाव लिहिलं जातं. आयफोनवर याद्या दाखवणाऱ्या यूआयटेबलव्ह्यूमध्ये हे असंच होतं. अँड्रॉइडच्या जुन्या लिस्टव्ह्यूमध्येही हेच होत असे, फक्त तिथे पट्टी पुन्हा वापरायची की नाही हे डेव्हलपरच्या हाती होतं. २०१४ मध्ये गूगलने रीसायकलरव्ह्यू आणला. त्यात पुनर्वापर सक्तीचा झाला आणि नावातही आला.

युक्ती उत्तम आहे, आणि तिच्यातूनच या विषयातली सर्वांत प्रसिद्ध चूक जन्माला आली. नवशिका डेव्हलपर असा विचार करतो: वापरणाऱ्याने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, म्हणून मी त्या पट्टीवर टिकची खूण दाखवली, काम झालं. मग यादी खाली सरकते आणि चौदाव्या ओळीवर, कोणी हात न लावता, टिक उगवते. पुढे पंचविसाव्यावरही. परत वर यावं तर तिसऱ्या ओळीवरची टिक गायब.

याचं कारण लग्नाच्या पंगतीवरून चटकन कळेल. जेवायला पाचशे माणसं आहेत आणि ताटं साठ. एक पंगत उठली, की तीच ताटं धुऊन पुढच्या पंगतीला मांडायची. एका पाहुण्यांना मधुमेह आहे, गोड वाढायचं नाही. वाढप्याने लक्षात राहावं म्हणून त्यांच्या ताटाच्या कडेला खूण केली. पंगत उठली, ताट धुतलं, खूण राहिली. आता त्या ताटावर बसलेल्या दहा वर्षांच्या पोराला जिलबी मिळत नाही. मधुमेहाचे पाहुणे पुन्हा येऊन दुसऱ्या ताटावर बसले, तर त्यांना मात्र आग्रहाने वाढली जाते. खूण ताटावर करायचीच नव्हती. यजमानाच्या वहीत पाहुण्याच्या नावापुढे करायला हवी होती, आणि प्रत्येक ताट मांडताना वही पाहून वाढायला हवं होतं.

पट्टी म्हणजे ताट आणि अ‍ॅपचा डेटा म्हणजे वही. कोणती ओळ निवडलेली आहे हे डेटाच्या बाजूला लिहून ठेवायचं आणि पट्टी पडद्यावर येताना दर वेळी तिथे विचारायचं: ही निवडलेली आहे का? असेल तर टिक दाखव. नसेल तर टिक काढ. हे दुसरं वाक्य विसरलं जातं. ‘असेल तर दाखव’ सगळे लिहितात. ‘नसेल तर काढ’ लिहायचं राहतं, आणि आधीच्या नावाची टिक पुढच्या नावावर चढून बसते.

उलटी चूकही होते. अ‍ॅप बनवण्याच्या रिअ‍ॅक्ट नेटिव्ह या साधनातली फ्लॅटलिस्ट ही यादी काम वाचवण्यासाठी, काही बदललेलं दिसलं नाही तर ओळी पुन्हा रंगवत नाही. निवड वहीत नीट लिहिली, पण वही बदलल्याचं यादीला कळवलंच नाही, तर बोट ठेवूनही टिक दिसत नाही. माणूस पुन्हा बोट ठेवतो, आणि झालेली निवड रद्द होते. यासाठी तिथे एक्स्ट्राडेटा नावाची सोय मुद्दाम दिलेली आहे. डोळ्यांना दिसणारी स्थिती आणि वहीतली स्थिती यांच्यात क्षणभरही फारकत होता कामा नये.

आता वहीत नेमकं काय लिहायचं, हा पुढचा प्रश्न. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. सरळ वाटणारं उत्तर म्हणजे ओळीचा क्रमांक: तिसरी, सातवी, नववी. यादी स्थिर असेल तर तेवढ्याने भागतं. पण फोनवरच्या याद्या स्थिर नसतात. तुम्ही तीन मेसेज पुसण्यासाठी निवडले आणि तेवढ्यात वर नवा मेसेज आला. सगळे एकेक ओळ खाली सरकले. वहीत अजून तिसरी, सातवी, नववीच लिहिलेलं आहे. ‘डिलीट’ दाबलं, आणि जे तुम्ही निवडलेच नव्हते ते मेसेज गेले.

आपल्याकडे यात एक खास भर पडते, ती भाषेची. समजा यादी नावांच्या क्रमाने लावलेली आहे आणि अ‍ॅपची भाषा बदलायची सोय आहे. रोमन लिपीत चव्हाण आधी येतात, कुलकर्णी नंतर, कारण सी हे अक्षर केच्या आधी आहे. मराठीत क आधी आणि च नंतर, म्हणजे कुलकर्णी वर आणि चव्हाण खाली. भाषा बदलली की क्रम बदलतो. निवड क्रमांकाने धरून ठेवली असेल, तर चव्हाणांसाठी केलेली खूण विनातक्रार कुलकर्ण्यांवर जाते. ज्यांनी कधी एका लिपीबाहेर पाहिलं नाही, त्यांच्या चाचणीत हे सापडणारच नाही. मराठीत अ‍ॅप करणाऱ्याने ही चाचणी आधी करावी.

मग नावच लिहून ठेवावं का? तेही नाही. कोणत्याही तालुक्याच्या यादीत एकाच नावाचे, वडिलांचंही नाव सारखं असलेले दोन खातेदार सापडतील. गट क्रमांक तरी वेगळा असेल ना? एका गावात असेल, पण शेजारच्या गावातही गट क्रमांक ४५ असतोच. म्हणजे ओळख पटायला जिल्हा, तालुका, गाव आणि मग गट, हे सगळं एकत्र लागतं. महाराष्ट्र शासनाचं ई-पीक पाहणी अ‍ॅप २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर आलं, तेव्हापासून लाखो शेतकरी अशा याद्यांमधून एकामागून एक ओळी निवडत आले आहेत: गाव, खातेदार, गट, पीक. तलाठ्याच्या हातची पीक पाहणी शेतकऱ्याच्या बोटाखाली आली. सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, पुढे विमा किंवा मदत, हे सगळं त्या निवडीला लटकलेलं असतं. एखाद्या यादीत ओळ चुकण्याची किंमत किती असू शकते, हे आपल्या गावांना कोणी वेगळं सांगायची गरज नाही.

म्हणून प्रत्येक वस्तूला स्वतःचा, न बदलणारा आयडी असावा आणि निवड त्या आयडीची लिहून ठेवावी. यादी कशीही लावा, गाळा, उलटी करा, निवड त्या वस्तूबरोबर जाते. मोबाइल यंत्रणा बनवणारेही हळूहळू इथेच आले. अँड्रॉइडच्या जुन्या लिस्टव्ह्यूमध्ये निवडलेल्या जागा विचारता येत आणि निवडलेले आयडीही, पण आयडी मिळण्यासाठी ते स्थिर आहेत अशी हमी डेव्हलपरला द्यावी लागे. रीसायकलरव्ह्यूसाठी नंतर आलेला सिलेक्शनट्रॅकर निवड किल्लीने, म्हणजे आयडीसारख्या ओळखीने धरतो. अ‍ॅपलने २०१९ मध्ये आयओएस १३ बरोबर यादीसाठी डिफेबल डेटा सोर्स आणला, ज्यात ओळी जागेने ओळखल्या न जाता स्वतःच्या ओळखीने ओळखल्या जातात. त्याच वर्षी आलेल्या स्विफ्टयूआयमध्ये तर यादीला निवड जोडायची म्हणजे आयडींचा एक संच जोडायचा. पूर्वीच्या टेबलव्ह्यूमध्ये यादी नव्याने भरली, की तिची स्वतःची निवड पुसली जाई, आणि वेगळी वही न ठेवणाऱ्यांची पंचाईत होई. दहा-अकरा वर्षं जगभरचे डेव्हलपर जे स्वतःच्या अनुभवाने शिकत होते, ते साधनातच उतरलं. मला हा प्रवास फार मोलाचा वाटतो, कारण एकेकट्या माणसाच्या दक्षतेवर सोडलेली गोष्ट त्यातून सगळ्यांसाठी सोपी झाली.

आता बोटाकडे वळतो. संगणकावर माउस होता. एकदा टिचकी मारली की निवड, दोनदा मारली की उघड. फोनवर एकच बोट आणि एकच स्पर्श. त्या स्पर्शाचा अर्थ ‘उघड’ की ‘निवड’? बहुतेक अ‍ॅप ‘उघड’ धरतात आणि निवडण्यासाठी बोट दाबून धरायला सांगतात. दाबून धरलं की पडदा निवडीच्या अवस्थेत जातो, वर वेगळी पट्टी येते, आणि त्यानंतर साध्या स्पर्शाने आणखी ओळी निवडल्या जातात. अँड्रॉइडमध्ये ही पट्टी २०११ च्या हनीकोंब आवृत्तीपासून रुळली.

इथे लॅरी टेस्लर यांची आठवण होते. १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात त्यांनी टिम मॉट यांच्याबरोबर जिप्सी हा लेखनाचा प्रोग्रॅम तयार केला. कट, कॉपी, पेस्ट आज आपल्या हातात आहे ते त्यांच्यामुळे. आधी मजकूर निवडा, मग काय करायचं ते सांगा, हा क्रम त्यांनी धरून ठेवला. यंत्र एका अवस्थेत असताना एका क्रियेचा एक अर्थ आणि दुसऱ्या अवस्थेत दुसरा, या प्रकाराला त्यांचा जन्मभर विरोध होता. त्यांच्या गाडीच्या नंबर प्लेटवरही ‘नो मोड्स’ असं लिहिलेलं होतं. २०२० मध्ये ते गेले. फोनवरच्या निवडीत आपण नेमकी अशी अवस्था आणली आहे. एका बोटापुढे दुसरा सहज मार्ग नव्हता, हे मला मान्य आहे. पण अवस्था आणलीच, तर ती आहे हे ठळक दिसलं पाहिजे, किती निवडलं ते वर आकड्यात दिसलं पाहिजे, आणि बाहेर पडायची वाट एका स्पर्शावर असली पाहिजे. निवड चालू असताना मागे जायचं बटण दाबलं, तर आधी निवड सुटावी, पडदा बंद होऊ नये.

दाबून धरणं हीच एकमेव वाट ठेवायला माझा विरोध आहे. दाबून धरता येतं हे कुठेच लिहिलेलं नसतं. तरुणांना ते एकमेकांचं पाहून कळतं. साठीनंतर फोन हातात घेतलेल्या माणसाला ते कोण सांगणार? शिवाय हात थरथरत असेल, तर बोट तेवढा वेळ एका जागी राहत नाही. ‘निवडा’ असं स्पष्ट बटण असावं. अँड्रॉइडवरच्या जीमेलमध्ये डावीकडच्या गोल चित्राला हात लावला की मेल निवडला जातो आणि बाकीच्या ओळीला लावला की उघडतो. ही वाट मला जास्त प्रामाणिक वाटते, कारण दोन अर्थांना दोन जागा मिळाल्या. मात्र ती जागा पुरेशी मोठी हवी. स्पर्शाची जागा किमान ४४ पॉइंट असावी असं अ‍ॅपल सांगतं, गूगल ४८ डीपी सांगतं. म्हणजे साधारण सात ते नऊ मिलिमीटर.

निवडलेली ओळ फक्त रंगाने दाखवू नये. रंग सगळ्यांना सारखे दिसत नाहीत, आणि उन्हात उभं राहून फोन पाहणाऱ्याला फिकट निळा पट्टा दिसतच नाही. टिक हवी. आणि ज्यांना पडदाच दिसत नाही, जे व्हॉइसओव्हर किंवा टॉकबॅकने ऐकून फोन वापरतात, त्यांना ओळीच्या नावाबरोबर ती निवडलेली आहे हेही ऐकू आलं पाहिजे. डेव्हलपरने टिकचं नुसतं चित्र काढलं आणि ‘निवडलेली’ हा गुण त्या ओळीला दिलाच नाही, तर पाहणाऱ्यासाठी काम झालेलं असतं आणि ऐकणाऱ्यासाठी यादी मुकी राहते.

एक छोटी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आयफोनवर यादीतली ओळ उघडून परत आलात, की ती ओळ क्षणभर राखाडी असते आणि मग हळूच पूर्ववत होते. आपण कुठून गेलो होतो ते डोळ्याला सापडावं म्हणून ते आहे. तीच यादी टॅबलेटवर उघडलेल्या मजकुराच्या शेजारी मांडली, तर मात्र ओळ राखाडीच राहायला हवी, कारण शेजारी तिचाच मजकूर उघडा आहे.

आता ‘सगळे निवडा’. यातलं ‘सगळे’ म्हणजे किती? पडद्यावर दिसतात तेवढे, आतापर्यंत फोनवर उतरलेले, की सर्व्हरवर असलेले सगळे? संगणकावरच्या जीमेलने याचं उत्तर फार स्वच्छ दिलं आहे. वरच्या चौकोनावर टिक केली की त्या पानावरचे ५० निवडले जातात, आणि लगेच विचारणा होते की शोधात बसणारे सगळेच निवडायचे आहेत का. संख्या समोर असते, निर्णय तुमचा असतो. मोबाइलवर यादी सरकवू तशी उतरत जाते, त्यामुळे प्रश्न आणखी बिकट होतो. तिथे ‘सगळे’ लिहायचं असेल तर शेजारी आकडा लिहिलाच पाहिजे.

याला लागून असलेला प्रश्न शोधाचा. यादीत ‘पाटील’ शोधून दोघांना निवडलं, मग शोध पुसून ‘शिंदे’ लिहिलं. पाटील नजरेआड गेले. ते अजून निवडलेले आहेत का? असायलाच हवेत, कारण माणसाने निवड मागे घेतलेली नाही. पण नजरेआड राहून निवडलेले असणं धोक्याचंही आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर नवा ग्रुप करताना निवडलेली माणसं वर एका ओळीत गोळा होतात. शोध काहीही असो, ती दिसत राहतात आणि तिथूनच काढताही येतात. हा तोडगा मला सर्वांत समाधानकारक वाटतो.

व्हॉट्सअ‍ॅपचं नाव आलंच आहे, तर ज्या घटनेमुळे मला हा विषय केवळ तांत्रिक वाटेनासा झाला, ती सांगितली पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने मुलं पळवणारे समजून ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा तेव्हा मोबाइलवरून गावोगाव फिरत होती. त्या वर्षी देशात इतरत्रही अशाच अफवांनी बळी घेतले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतापुरतं जाहीर केलं की एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवता येईल. जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा पुढे पाठवलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं ठरलं, आणि अशा मेसेजचा प्रसार त्यानंतर ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं.

यंत्राच्या भाषेत हा बदल किती होता? यादीतल्या ओळी निवडताना सहाव्या ओळीला टिक लागू द्यायची नाही. बस. आधी बोट भराभर खाली जात होतं, ग्रुपमागून ग्रुप निवडले जात होते. आता पाचव्यानंतर ते थांबतं. ज्याला आणखी पाठवायचं आहे तो पुन्हा पाठवू शकतो, बंदी नाही. पण प्रत्येक वेळी नव्याने निवडावं लागतं. राईनपाड्याचा दोष एका यादीवर ढकलावा असं मी म्हणत नाही. मारणारे हात माणसांचे होते आणि संशयाची मुळं फार जुनी आहेत, भटक्या समाजाकडे बघण्याच्या आपल्या नजरेत आहेत. पण किती ओळी एका दमात निवडता याव्यात हा निर्णय कोणीतरी एका टेबलाशी बसून घेतो, आणि त्याचे परिणाम हजारो मैलांवरच्या आठवडी बाजारात होऊ शकतात. जी निवड परत घेता येत नाही, तिथे वेग हा गुण मानू नये.

परत घेता येणं, हा पुढचा मुद्दा. ई-पीक पाहणी अ‍ॅपच्या २०२२ च्या आवृत्तीत शेतकऱ्याला आपली नोंद ४८ तासांच्या आत स्वतः दुरुस्त करायची सोय दिली गेली. कचेरीत चकरा मारण्याऐवजी त्याच फोनवर चूक सुधारता येणं, हे मला मोठं पाऊल वाटतं. ‘नक्की पुसायचं का?’ असं विचारणाऱ्या खिडक्यांवर माझा फारसा भरवसा नाही, कारण सवयीने माणूस न वाचता ‘हो’ दाबतो. काम होऊ द्यावं आणि काही वेळ ते उलटवायची वाट उघडी ठेवावी.

आणि मधे फोन आला तर? यादीत बावीस फोटो निवडून झाले आहेत, आईचा फोन येतो, दहा मिनिटं बोलणं होतं. तेवढ्यात अँड्रॉइडने मेमरीसाठी तुमचं अ‍ॅप मागच्या मागे बंद केलेलं असू शकतं. परत आल्यावर ते पहिल्यापासून उभं राहतं. निवडलेल्या आयडींचा संच जाताना जपून ठेवला असेल तर बावीस टिका जिथल्या तिथे असतात, नाहीतर सगळं पुन्हा. सिलेक्शनट्रॅकरमध्ये हे जपण्याची सोय आहे, पण ती डेव्हलपरला दोन ओळी लिहून आपणहून जोडावी लागते.

सभागृहात अभियांत्रिकीचे विद्यार्थी बरेच दिसतात. त्यांनी आपल्या अ‍ॅपची यादी घ्यावी, तिच्यात सारख्याच नावाच्या दोन व्यक्ती घालाव्यात, त्यांतली एक निवडावी. मग यादी तळापर्यंत सरकवून परत वर यावं, फोन आडवा करावा, भाषा मराठी करावी, शोध लिहून पुसावा, दुसऱ्या फोनवरून एक नवी नोंद वर घुसवावी, अ‍ॅप मागे टाकून मारावं आणि पुन्हा उघडावं. प्रत्येक पायरीनंतर टिक कोणापुढे आहे ते पाहावं, आणि एकदा टॉकबॅक लावून, डोळे मिटून, तेच पुन्हा करावं.